मामांनी अधांतरी कापलेली पट्टी

माझ्या सासऱ्यांच्या खिशात पैसे असोत-नसोत, लाकडाच्या पाचरी हमखास असायच्या. बोटाएवढ्या, एका बाजूला जाड आणि दुसरीकडे निमुळत्या होत गेलेल्या. हॉटेलातलं टेबल डुगडुगलं की चहा यायच्या आत ते खाली वाकलेले दिसायचे. सोयरीक ठरायच्या आधी आमचं घर बघायला म्हणून ते चऱ्होलीला आले, तेव्हा आमच्या जुन्या घरातला टीपॉय एका पायानं लंगडत होता. पोह्यांच्या बशा आल्या आणि पाहुणे जागेवर नाहीत. बघतो तर ते टीपॉयखाली, गुडघ्यांवर. माझे वडील, तात्या, मोठ्यानं हसून म्हणाले की सोयरीक जमायच्या आधीच पाहुण्यांनी घर सावरायला घेतलं. सगळे हसले. मला मात्र हा माणूस तिथल्या तिथं आवडला. मुलगी आवडली होतीच, पण ती गोष्ट निराळी.

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणत आलो. त्यांच्या हाताखालची माणसं पाठीमागं त्यांना टेकू मिस्त्री म्हणत आणि हे त्यांना चांगलं माहीत होतं. मूळचे लातूरकडचे सुतार. ऐन उमेदीत भोसरीला आले आणि एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये लागले. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, ते काम. पुढे ते शॉप बंद पडलं, तेव्हा मामांनी घरांच्या आतली सजावटीची कामं धरली. बंगल्यांना आणि मोठ्या फ्लॅटना तेव्हा आमच्या भागात एक नवीच हौस लागली होती. भिंत आणि छत जिथं मिळतं, तिथं चारी बाजूंनी नक्षीची तिरकी पट्टी फिरवायची. इंटिरिअरवाले तिला क्राऊन मोल्डिंग म्हणत, मामा नुसतंच मोल्डिंग. त्या पट्टीचे कोपरे जुळवण्यात मामांचा हात धरणारा कोणी नाही असं लोक म्हणत. लोकांच्या आधी मामा स्वतः म्हणत.

कुणाच्याही घरात शिरले की ते आधी कोपऱ्यांकडे बघत, मग माणसांकडे. चिंचवडच्या एका कार्यालयात माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. अक्षता पडत होत्या आणि मामा मान वर करून छताकडे बघत चुकचुकत होते. नवरीच्या मामीला वाटलं, यांना मुलगी पसंत नाही. मग आम्हाला समजूत घालावी लागली की पसंत नाही ते मोल्डिंग.

पट्टी कापायची त्यांची रीत ठरलेली होती. ही पट्टी छताला सपाट चिकटत नाही. खाली भिंतीला, वर छताला टेकून तिरकी बसते. म्हणून कापतानाही ती कटर मशीनवर तशीच तिरकी धरावी लागते, आणि तीही उलटी. मामा सांगत, मशीनचा पाट म्हणजे छत समजायचं आणि मागची उभी आड म्हणजे भिंत, डोक्यात घर उलटं करून घ्यायचं. पट्टी घसरू नये म्हणून ते पाटावर एक ठोकळा स्क्रूनं आवळत. लांब पट्टीचं बाहेर लोंबणारं टोक पेलायला त्यांची लाकडी घोडी असे, मशीनच्या पाटाशी बरोब्बर उंची जुळवलेली. ते टोक जरा वर गेलं की इकडे पट्टी पाटावरून उचलते आणि काप खोटा पडतो. मग कोपऱ्यात फट राहते आणि दारातून येणाऱ्या प्रत्येकाला ती दिसते.

"अधांतरी कापू नाई," हे मामांचं आवडतं वाक्य. माणसाला तर ते टोक धरूच देत नसत. "माणसाचा हात म्हंजी टेकू नव्हं," ते म्हणत. "माणूस दमतंय, बोलत बसतंय. घोडी बोलत नाई." आकुर्डीला एका फौजदाराच्या घरी काम चाललं होतं. साहेब हौसेनं पुढं झाले आणि त्यांनी पट्टीचं टोक उचललं. मामांनी मशीन बंद केली, चष्मा काढला आणि घरच्या पोराला विचारावं तसं विचारलं, "काय करायलाव, साहेब? सोडा ते." फौजदारानं सोडलं. हा किस्सा मामा इतक्यांदा सांगत की शेवटी शेवटी त्यातला फौजदार वाढत वाढत पोलीस कमिशनर झाला होता.

असा हा माणूस आमच्या उंबऱ्याच्या आत आला की निम्मा होऊन जाई. कारण एवढंच, की इथं ते मुलीचे वडील होते. तात्या खुर्चीवर बसले असतील तर मामा पलीकडच्या स्टुलावर, तेही कडेला. तात्यांनी घास घेतल्याशिवाय ते ताटाला हात लावत नसत. तात्यांनी पावसाबद्दल चुकीचं काही सांगितलं, तरी मामा मान डोलावत. तात्या काही दुष्ट नव्हेत. त्यांनी माझ्या बायकोला, सुनीताला, कधी वाकडा शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. पण मुलाकडच्यांना मान घ्यायची सवय लागते, आणि सवय लागली की मान घेतोय हेही कळेनासं होतं. आम्हा सगळ्यांचं तसंच झालं होतं. आज ते आठवलं की मला आमच्या घराची लाज वाटते.

पुढे आमच्या शिवारात सोसायट्या उभ्या राहिल्या, थोडी जमीन गेली आणि तात्यांनी बंगला बांधायला काढला. मामा आपणहून म्हणाले की हॉलचं मोल्डिंग माझ्याकडून, सागवानाचं. लेकीच्या घराला बापाकडून काहीतरी असावं, ही त्यांची इच्छा. लाकूड त्यांनी स्वतः निवडलं, नक्षी स्वतः काढून दिली आणि गिरणीतून लागेल तेवढीच पट्टी तयार करून आणली. काम त्यांनी एकट्यानं केलं, कुणाला शिवू दिलं नाही. सुनीता येता-जाता वर बघायची. शेजारपाजारच्या बायांना बोलावून दाखवायची, की हा सांधा कुठं आहे ते शोधा. खरंच सापडत नसे.

राहिला होता एक कोपरा, नेमका मुख्य दारासमोरचा. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत होती. पाहुणे येऊ लागले होते, मांडववाले खांब रोवत होते, आणि तात्या पांढरेशुभ्र कपडे घालून सगळ्यांना बंगला दाखवत फिरत होते. मामा हात धुवायला मागं गेले, तेवढ्यात आचाऱ्याला पाण्याचं पिंप ठेवायला काहीतरी उंच हवं होतं. तात्यांनी ती घोडी त्याला देऊन टाकली. त्यांच्या लेखी ती रिकामीच उभी होती. मामा परत आले तेव्हा घोडी मांडवात होती आणि तिच्यावर भरलेलं पिंप.

मी दारात उभा होतो. मामांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात घोडीचं विचारलं. तात्या म्हणाले, "आता पिंप भरलंय की. द्या हिकडं, म्या धरतो." आणि त्यांनी पट्टीचं लांब टोक उचललंसुद्धा. पाहुण्यांना मोठी मौज वाटली. व्याही-व्याही मिळून घर सजवतायत म्हणून माझ्या मेहुण्यानं मोबाइलवर फोटो काढला. तात्यांनी टोक छातीशी धरलं होतं, म्हणजे पाटापेक्षा चांगलंच वर. त्यात दारातून मरकळचे पाहुणे आले, आणि तात्या टोक हातात ठेवून त्यांच्याशी बोलायला वळले.

इकडे पट्टी पाटावरून उचलली गेली. मला ते दिसलं आणि मामांना तर दिसलंच. त्यांची नजर पट्टीवरून तात्यांच्या हातापर्यंत गेली आणि परत आली. त्यांनी तोंड उघडलं. "जरासं..." एवढंच म्हणाले.

"काय म्हणता?" तात्यांनी विचारलं.

"काय नाई."

आणि मामांनी मशीनचा दांडा खाली दाबला. फौजदाराला सोडा म्हणणाऱ्या माणसाला मुलाच्या बापाला खाली धरा म्हणता आलं नाही.

पट्टी वर चढवली तेव्हा कोपऱ्यात खालच्या अंगाला करंगळी जाईल एवढी फट राहिली. पुन्हा कापावी तर ती आखूड पडली असती, आणि दुसरी पट्टी नव्हती. मामांनी लाकडाचा भुसा डिंकात कालवून फट भरली, वरून पॉलिश मारलं. भरलेली फट ही भरलेलीच दिसते. ते शिडीवरून उतरले आणि हत्यारं आवरू लागले. सुनीतानं चहा आणून दिला, तो त्यांनी मांडवात जाऊन घेतला.

वास्तुशांतीच्या दिवशी हॉल माणसांनी भरला होता. माझी आत्या अशी, की तिला कुठल्याही लग्नात मीठ कमीच लागतं. तिनं वर बघितलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं की एवढ्या भारी कामात इथंच फट कशी राहिली. मग तात्या हसले.

"आमच्या पाव्हण्यांचा हात हलला जरा," ते म्हणाले. "वय झालं आता."

मामा तिथंच, पानसुपारीचं तबक घेऊन उभे होते. त्यांनी तबक खाली ठेवलं आणि आत्याला हात जोडले. "हो, माझ्याच हातनं झालं," ते म्हणाले. "चुकी झाली." मी खाली बघत होतो. स्वयंपाकघराच्या दारात सुनीता होती. तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर मामांचं येणं कमी झालं. कधी साइटचं काम निघे, कधी गुडघा दुखे. आलेच तर खाली बघत येत आणि त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसत. मी ती पट्टी बदलून देतो, असं त्यांनी तात्यांना दोनदा विचारलं. तात्यांनी दोन्ही वेळा राहू द्या म्हणून विषय संपवला. पुन्हा शिडी लागली असती, चार माणसांनी का म्हणून विचारलं असतं, ते तात्यांना नको होतं. त्यामुळे मामांना आपली चूक दुरुस्तही करता येईना.

याहून वाईट गोष्ट मला त्यांच्या एका कारागिराकडून कळली. टेकू मिस्त्री आता कुणावर ओरडत नाहीत, तो म्हणाला. घरमालक पट्टी धरायला आला तर धरू देतात, राहू द्या साहेब म्हणतात, आणि ती पट्टी बाजूला ठेवून तो गेल्यावर कापतात. हॉलची कामं त्यांनी घेणंच सोडलं होतं. कपाटं करत होते, किचनच्या ट्रॉल्या करत होते. मामा नम्र झाले होते, आणि ते त्यांना अजिबात शोभत नव्हतं.

आमच्या मुलाच्या बारशाला ते आले, पण आत आले नाहीत. पाय धुळीनं भरलेत म्हणाले आणि पोर्चमध्ये मांडववाल्यांपाशी बसून राहिले. आत पाळणा म्हणायला बायका जमल्या होत्या. सुनीता बाळाला घेऊन उठली, सगळ्यांमधून बाहेर गेली आणि तिनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. पाहुणे पांगल्यावर ती तात्यांसमोर येऊन उभी राहिली. आजवर ती त्यांच्यापुढं मान वर करून बोललेली नव्हती.

"तात्या, ती फट तुमच्या हातानं पडली," ती म्हणाली. "पट्टी कापली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. माझे वडील माझ्या घरात येईनासे झालेत."

मला वाटलं, आता भडका उडणार. पण तात्या एवढंच म्हणाले, "मला म्हाईत हाय, पोरी." आणि उठून आत गेले. तोवर मी मनाशी धरून चाललो होतो की तात्यांच्या ते लक्षातच आलं नसेल. तो एक आधार होता, तोही गेला.

पुढच्या रविवारी त्यांनी मला गाडी काढायला सांगितली. मामांच्या भोसरीतल्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही असे न सांगता गेलो, तेव्हा त्यांची नुसती तारांबळ उडाली. खुर्ची पुसली, कोल्ड्रिंक आणायला शेजारच्याला पिटाळलं, पंखा आमच्याकडे वळवला. तात्यांनी बोलायला सुरुवात केली, की पाव्हणं, त्या दिवशी हॉलमध्ये... मामांनी लाकडाच्या भावाचा विषय काढला. तात्यांनी पुन्हा सुरुवात केली, मामांनी नातवाचं वजन विचारलं. तिसऱ्यांदा मात्र ते खुर्चीजवळ आले आणि त्यांनी तात्यांचे दोन्ही हात धरले.

"तुमी ते बोलू नका," ते म्हणाले. "मुलाच्या बापानं माझ्यापुढं वाकलेलं मला बघवणार नाई. माझ्या लेकीला तिथं नांदायचंय."

"आता नातू झाला, पाव्हणं. आता कसली भीती?"

"तरी बी नगं."

तात्यांनी कोल्ड्रिंक संपवलं. आम्ही उठलो. मामा गाडीपर्यंत सोडायला आले. तात्या आत बसल्यावर ते माझ्या बाजूला आले आणि हळूच म्हणाले, "जावाईबापू, त्यांच्या हाताचं काय घेऊन बसलाव? हात हलणारच, माणसाचा हाय. टेकू नाई हे मला दिसत होतं. मशीन बंद करायला एक बोट लागतंय. मी कापलं." त्यांचे डोळे भरले होते. लोकांनी नाव ठेवलं म्हणून हा माणूस लाजत होता असं मी समजत होतो. ते त्यातलं थोडंच होतं.

गाडी मोशीच्या सिग्नलला थांबली तेव्हा तात्या म्हणाले, "त्यानं मला बोलूच दिलं न्हाई." पुढं घरापर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

त्याच वर्षी मामा गेले. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले, रिक्षात बसवेपर्यंत सगळं संपलं होतं. आमच्या हॉलमध्ये ते त्यानंतर आले नाहीत ते नाहीतच. सुनीता दिवस झाल्यावर परत आली, तेव्हा दारातून आत शिरताना तिनं त्या कोपऱ्याकडे सरळ बघितलं. मी तिला म्हणालो की चांगला सुतार बघून एवढी पट्टी बदलून घेऊ. ती काही बोलायच्या आत तात्या म्हणाले, की त्याला कुणी हात लावायचा नाही.

तेव्हापासून तात्यांनी एक धरलंय. घरी कुणीही आलं की चहाच्या आधी ते त्या कोपऱ्याकडे बोट करतात. ज्याला ती दिसली नसेल, त्यालाही तात्या दाखवतात. ही फट माझ्यामुळं पडली, व्याह्यांच्या कामात खोट नव्हती, टोक मी वर धरलं होतं आणि वर चारचौघांत त्यांच्यावर ढकललं. सगळं सांगतात, घोडी आचाऱ्याला दिली तिथपासून. सांगताना त्यांचा चेहरा उतरलेला असतो.

आणि कुणालाच ते खरं वाटत नाही. माणसं ऐकून घेतात, गहिवरतात आणि तात्यांचीच वाहवा करतात. गेलेल्या माणसाची चूक स्वतःच्या अंगावर घेतात, आणि तीही मुलीच्या बापाची, एवढं मोठं मन हल्ली कुठं बघायला मिळतं, असं म्हणतात. तात्यांचा मान गावात होता त्याहून वाढलाय. लग्नं जमवताना लोक आता आमच्या घराचं उदाहरण देतात. आत्यानं तर ही गोष्ट आळंदीपासून राजगुरुनगरपर्यंत नातेवाइकांत पसरवली आहे, अर्थात तिच्या पद्धतीनं. सुनीता हे ऐकते आणि कपबशा उचलून आत जाते.

परवा मरकळचे पाहुणे आले होते, तेच ते, ज्यांच्याशी बोलायला तात्या त्या दिवशी वळले होते. तात्यांनी त्यांना सगळं सांगितलं, तुमच्याशीच बोलत होतो तेव्हा, हेही सांगितलं. म्हातारे पाहुणे बराच वेळ वर बघत राहिले. मग त्यांनी तात्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तात्या, असा व्याही मिळायला नशीब लागतं," ते म्हणाले. "तुमच्यासारखा."

"आवो, म्या खरं सांगतोय."

"व्हय, व्हय," पाहुणे म्हणाले आणि त्यांनी चहा बशीत ओतला.